शहर थंड राखणारी रचना : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

झाडे, माती, पाणी आणि मोकळ्या जागा यांची विचारपूर्वक मांडणी केल्यास, म्हणजेच ज्याला आपण लँडस्केप डिझाइन म्हणतो त्याच्या साहाय्याने, शहरांतला उकाडा कितपत कमी करता येतो, याविषयी वाचकांनी शंका विचाराव्यात असे आवाहन आम्ही केले होते. पुष्कळ पत्रांतला रोख सारखा असल्याने प्रातिनिधिक प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी रस्त्यावरच्या एका मोठ्या झाडाखाली आणि जवळच्याच उघड्या चौकात, दोन्हीकडे तापमापकावर थेट ऊन पडू न देता हवेचे तापमान मोजले. फरक जेमतेम एका अंशाचा आढळला. एवढ्याशा फरकासाठी झाडांवर खर्च करणे योग्य आहे का?

उत्तर : आपण केलेले मोजमाप अचूक आहे, आणि मोठ्या अभ्यासांशी ते जुळतेही. अनेक शहरांतल्या नोंदी एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, उद्याने दिवसा आसपासच्या बांधीव भागापेक्षा सरासरी ०.९४ अंश सेल्सिअसने थंड असतात असे दिसून आले होते. मात्र या आकड्यावरून झाडांचे मोल ठरवणे योग्य नाही, कारण माणसाच्या शरीराला जाणवणारी उष्णता हवेच्या तापमानावर एकट्यावर ठरत नाही. हवेतली आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि चारी बाजूंनी शरीरावर येणारे उष्णतेचे प्रारण (म्हणजे किरणांच्या रूपाने येणारी उष्णता) या तीन गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या असतात, आणि भर उन्हात तर प्रारणाचा वाटा सर्वांत मोठा असतो.

उघड्या चौकात उभ्या असलेल्या माणसावर सूर्याचे थेट किरण पडतात, फरशीवरून आणि भिंतींवरून परावर्तित झालेले ऊन पडते, आणि शिवाय तापलेली फरशी, डांबर व भिंती स्वतः उष्णता बाहेर टाकत असतात. हे सगळे एकत्र धरून जे मोजले जाते त्याला सरासरी प्रारण तापमान म्हणतात. कडक उन्हात, फरसबंद जागेत ते ६० अंशांच्याही वर जाते आणि दाट झाडाच्या सावलीत २० ते ३० अंशांनी उतरते. आपल्या तापमापकाला ऊन लागू न देण्याची काळजी आपण घेतली, म्हणून हा फरक त्याला दिसला नाही. शरीराला मात्र तो पहिल्याच मिनिटाला कळतो.

येथे पत्र्याची सावली आणि झाडाची सावली यांतला भेदही लक्षात घ्यावा. पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापतो आणि ती उष्णता खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर सोडत राहतो. झाडाचे पान ऊन शोषून घेत असतानाच पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सोडत असते, त्यामुळे ते हवेच्या तापमानाच्या जवळपासच राहते. उन्हाळ्यात भरगच्च पाने असलेल्या झाडाखाली सूर्याच्या ऊर्जेचा साधारण १० ते ३० टक्केच भाग पोहोचतो, आणि वरून येणारी पानांची उष्णताही सौम्य असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारे छप्पर माणसाला अजून बनवता आलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दिवसा ऊन असते हे समजते, पण शहरात रात्रीही उकडते आणि शहराबाहेर गेले की लगेच गारवा जाणवतो. असे का होते?

उत्तर : हा प्रश्न फार जुना आहे. हवामानाचे हौशी अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या हवामानाच्या काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या, आणि शहर व भोवतालचा ग्रामीण भाग यांच्या तापमानांतली तफावत प्रामुख्याने रात्री दिसते, हे तेव्हाच दाखवून दिले. आज या प्रकाराला नागरी उष्णता बेट असे नाव आहे.

दगड, विटा, काँक्रिट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि सूर्यास्तानंतर ती सावकाश सोडतात. उघड्या माळावर ही उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. दाटीवाटीच्या रस्त्यावर समोरासमोरच्या भिंती एकमेकींची उष्णता शोषत राहतात, कारण रस्त्याच्या तळापासून आकाशाचा फार थोडा भाग मोकळा दिसतो. त्यात वाहनांची आणि वातानुकूलन यंत्रांनी बाहेर फेकलेली उष्णता मिसळते. शिवाय पावसाचे पाणी गटारांतून वाहून गेलेले असल्याने जमिनीत ओल उरत नाही, आणि मग सूर्याच्या ऊर्जेपैकी जो भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च झाला असता तोही हवा आणि भिंती तापवण्यातच जातो.

रात्रीचा उकाडा हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागो शहरात आलेल्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली, आणि रात्रीही तापमान न उतरल्याने शरीराला सावरायला उसंत मिळाली नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणून चांगल्या रचनेला दुपारची सावली आणि रात्रीची निवण, या दोहोंचा वेगवेगळा विचार करावा लागतो. मोकळी, ओलसर, गवताळ जागा दुपारी फारसा आसरा देत नाही, पण आकाश उघडे असल्यामुळे रात्री ती लवकर थंड होते. दाट झाडी दुपारी सर्वोत्तम असते, पण तिच्याखाली रात्रीची उष्णता थोडी अडून राहते. शहरात दोन्हींची गरज असते, आणि ती शक्यतो एकमेकींच्या शेजारी असावीत.

प्रश्न : आमच्या गृहसंस्थेच्या आवारात बराच मोठा मोकळा भाग आहे. तेथे हिरवळ लावावी, कृत्रिम गवत अंथरावे की पेव्हर ब्लॉक घालावेत, यावर सभासदांत मतभेद आहेत.

उत्तर : कृत्रिम गवताचा विचार सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते हिरवे दिसते एवढेच. त्यातून पाण्याची वाफ होत नाही, ते प्लास्टिकचे असते, आणि थेट उन्हात ते डांबराइतके किंवा त्याहूनही अधिक तापते. मुले अनवाणी खेळणार असतील तर ते धोकादायकही आहे.

खरी हिरवळ फरशीपेक्षा निश्चितच थंड असते, पण तिला सतत पाणी लागते आणि ती सावली मुळीच देत नाही. पाणी तोडले की ती वाळते आणि तिचा थंडावा जवळजवळ संपतो. तेवढ्याच पाण्यात काही मोठी झाडे जगू शकतात आणि त्यांच्याखाली बसता येते. म्हणून मुलांना धावायला जेवढी जागा लागते तेवढीच हिरवळ ठेवून उरलेल्या भागात झाडे, त्यांच्याखाली सावलीत तगणारी झुडपे आणि जमिनीवर पाचोळ्याचे आच्छादन अशी मांडणी करावी. ये-जा करण्याच्या वाटा तेवढ्या फरसबंद कराव्यात, आणि त्या शक्यतो झाडांच्या छायेतून न्याव्यात. पाणी झिरपू देणारे पेव्हर चांगले असतात, मात्र ते ओले असतील तोवरच थंड राहतात. कोरडे पडले की इतर फरशीसारखेच तापतात, हे गृहीत धरून निर्णय घ्यावा.

प्रश्न : मी नगररचना विभागात अभियंता आहे. रस्त्यांच्या कडेला दर वर्षी रोपे लावली जातात, पण बरीच मरतात आणि जगलेली वर्षानुवर्षे खुरटीच राहतात. कोणत्या जातीची झाडे लावल्यास हा प्रश्न सुटेल?

उत्तर : आपण जातीविषयी विचारले आहे, परंतु अडचण बहुतेक वेळा जमिनीखाली असते. शहरांतल्या वृक्षारोपणाच्या अपयशाचे हे मुख्य कारण आहे असे मला वाटते, म्हणून या उत्तराला अधिक जागा देत आहे.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या साधारण एक मीटर थरात असतात, आणि ती खोल जाण्यापेक्षा आडवी, पर्णसंभाराच्याही पलीकडे पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. पदपथाखालची जमीन मात्र भार पेलण्यासाठी मुद्दाम ठोकून घट्ट केलेली असते. तीत पोकळ्या उरत नाहीत, त्यामुळे ना हवा खेळते ना पाणी मुरते. अशा जमिनीत एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून रोप लावले, म्हणजे त्याला एक घनमीटर माती मिळते. उपयोगात असलेल्या एका ढोबळ हिशेबानुसार, पर्णसंभार जमिनीवर जितकी जागा झाकतो त्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ०.६ घनमीटर माती लागते. आठ मीटर व्यासाचा घेर असलेले झाड साधारण ५० चौरस मीटर जागा झाकते, म्हणजे त्याला ३० घनमीटर माती हवी. एक घनमीटर दिलेल्या झाडाकडून तीस घनमीटरच्या सावलीची अपेक्षा आपण करत असतो. ते झाड खुरटे राहते यात त्याच्या जातीचा काही दोष नाही.

यावर उपाय आहेत आणि ते अनेक ठिकाणी वापरात आहेत. सर्वांत साधा उपाय म्हणजे सुटे खड्डे न खणता झाडांच्या रांगेखाली सलग चर ठेवणे, म्हणजे शेजारची झाडे माती वाटून घेऊ शकतात. जेथे वरून माणसे किंवा वाहने जाणार असतील तेथे खडीच्या मोठ्या तुकड्यांनी भार पेलावा आणि तुकड्यांमधल्या पोकळीत माती भरावी, अशी मिश्रणे वापरता येतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात या पद्धतीवर महत्त्वाचे काम झाले. स्टॉकहोम शहराने मोठ्या खडीच्या थरांत जैविक कोळसा मिसळून आणि हवा व पावसाचे पाणी आत जाण्यासाठी वरून झडपा ठेवून रस्त्याकडेच्या झाडांना नवे जीवन दिले आहे. एक सावधगिरी बाळगावी: खडीच्या मिश्रणात प्रत्यक्ष मातीचे प्रमाण थोडेच असते, त्यामुळे तीस घनमीटर मिश्रण म्हणजे तीस घनमीटर माती नव्हे.

दुसरा भाग पाण्याचा. झाडाचा थंडावा त्याने उत्सर्जित केलेल्या वाफेवर अवलंबून असतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. म्हणजे दिवसाला शंभर लिटर पाणी वाफेच्या रूपाने सोडणारे झाड जवळपास ६७ युनिट विजेइतकी उष्णता वापरून टाकते. पण मुळांशी ओल नसेल तर झाड आपला जीव वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेते आणि हा व्यवहार थांबतो, तोही नेमका सर्वांत तीव्र उन्हाच्या दिवसांत. म्हणून रस्त्यावर पडणारे पावसाचे पाणी गटारात जाण्याआधी झाडांच्या आळ्यांत वळवावे. त्यासाठी कडेच्या दगडाला खाच ठेवणे, आळ्याची पातळी रस्त्यापेक्षा थोडी खाली ठेवणे आणि जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी वाट ठेवणे एवढे बहुधा पुरते. पाणी एकदोन दिवसांत जिरले पाहिजे, अन्यथा मुळे गुदमरतात आणि डासही होतात. कोरड्या काळात पिण्याचे पाणी न वापरता शुद्धीकरण केलेले सांडपाणी वापरता येते. नव्या रोपांना पहिली दोनतीन वर्षे नियमित पाणी द्यावेच लागते, आणि त्याची तरतूद लागवडीच्या खर्चातच धरलेली असावी.

आता जातींविषयी. एकच झाड सर्वत्र लावण्याचा मोह टाळावा. अमेरिकेतील वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये मांडलेला नियम आजही मार्गदर्शक आहे: शहरातल्या एकूण झाडांपैकी एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक नसावीत. एल्मच्या झाडांवर पडलेल्या बुरशीजन्य रोगाने युरोप-अमेरिकेतल्या रस्तेच्या रस्ते ओकेबोके केले, त्यामागे ही एकसुरी लागवडच होती. याखेरीज निलगिरी, पॉपलर, ओक यांसारखी काही झाडे आयसोप्रीनसारखे वायू अधिक प्रमाणात सोडतात, आणि वाहनांच्या धुरातल्या घटकांशी उन्हात त्यांची अभिक्रिया होऊन श्वसनाला अपायकारक ओझोन तयार होतो. वाहतुकीच्या रस्त्यांवर अशांची गर्दी करू नये. स्थानिक हवामानात मूळची रुजलेली, रुंद घेराची, उंच स्वच्छ खोड धरणारी झाडे निवडावीत, आणि जागा देता येत असेल तेथे लहान शोभेच्या झाडापेक्षा मोठे होणारे झाडच लावावे.

प्रश्न : रस्ते आणि मैदाने पांढऱ्या किंवा फिक्या रंगाने रंगवली तर ऊन परत फेकले जाईल आणि शहर थंड होईल, असे वाचले. झाडांपेक्षा हे सोपे नाही का?

उत्तर : गच्चीसाठी हा उपाय उत्तम आहे. नवे डांबर सूर्यप्रकाशाचा जेमतेम ५ टक्के भाग परत पाठवते, तर चांगला पांढरा लेप ७० टक्क्यांहून अधिक परत पाठवू शकतो. गच्चीवरून परतलेले ऊन सरळ आकाशाकडे जाते आणि खालच्या खोल्या थंड राहतात.

रस्त्याची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील फीनिक्स शहरात २०२० पासून काही रस्त्यांवर फिक्या रंगाचा लेप देऊन त्याचे मोजमाप करण्यात आले. भर दुपारी पृष्ठभाग साधारण ६ ते ७ अंश सेल्सिअसने थंड आढळला, पण त्यावर उभ्या असलेल्या माणसाला जाणवणारे सरासरी प्रारण तापमान दुपारी सुमारे ३ अंशांनी वाढले, कारण परावर्तित झालेले ऊन अंगावर येत होते. रात्री अशा रस्त्यातून उष्णता कमी बाहेर पडते, हा त्याचा लाभ आहेच. म्हणून जेथे दुपारी माणसे चालत नाहीत अशा रुंद वाहनतळांवर तो वापरावा; पदपथ, थांबे आणि खेळाच्या जागा यांना मात्र सावलीच हवी.

प्रश्न : चौकाचौकांत कारंजी आणि तलाव केले तर उपयोग होईल का?

उत्तर : हवा कोरडी असेल तर बारीक तुषार सोडणारी कारंजी जवळच्या माणसांना चांगला दिलासा देतात. दमट हवेत मात्र वाफ होण्यास फारसा वाव नसतो, आणि तुषारांमुळे घुसमट वाढते. तलावाचे पाणी सावकाश तापते, त्यामुळे दुपारी काठावर बरे वाटते. पण तेच पाणी सावकाश निवते, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात उथळ, साचलेला तलाव रात्री भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असू शकतो. वाहते, सावलीतले पाणी अधिक चांगले.

सेऊल शहराने २००३ ते २००५ या काळात उन्नत महामार्ग पाडून त्याखाली गाडला गेलेला चोंग्येचॉन हा ओढा सुमारे ५.८ किलोमीटर लांबीपर्यंत पुन्हा उघडा केला, आणि उन्हाळ्यात त्याच्या काठाचे तापमान काही अंतरावरच्या समांतर रस्त्यापेक्षा तीन ते सहा अंशांच्या दरम्यान कमी नोंदवले गेले. मात्र याचे सारे श्रेय पाण्याला देऊ नये. तेथून वाहनांची गर्दी हटली, काठावर झाडोरा आला आणि इमारतींच्या दाटीतून वाऱ्याला सलग मोकळी वाट मिळाली. ज्या शहरांत ओढे आणि नाले अद्याप उघडे आहेत, त्यांनी ते झाकण्यापूर्वी हे उदाहरण अवश्य पाहावे.

प्रश्न : जमिनीवर जागाच नसेल तर हिरव्या भिंती आणि गच्चीवरील बागा पुरेशा आहेत का?

उत्तर : पुरेशा नाहीत, पण उपयुक्त आहेत. गच्चीवरची बाग वरच्या मजल्याला थंडावा देते, पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवते आणि छपराचे आयुष्य वाढवते. उंच इमारतीच्या गच्चीचा परिणाम खालच्या पदपथापर्यंत मात्र पोहोचत नाही. पातळ थराच्या बागेचाही भिजल्यावर प्रत्येक चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भार येऊ शकतो, म्हणून संरचना अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय माती टाकू नये. भिंतीवर टांगलेल्या कुंड्यांना सततचे पाणी, खते आणि देखभाल लागते. जमिनीत रुजवलेला वेल जाळीवरून चढवला तर बरेचसे तेच काम फार थोड्या कष्टांत होते, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तो सर्वाधिक उपयोगी पडतो. कारण उतरत्या उन्हाला खिडकीवरचे आडवे छज्जे अडवू शकत नाहीत.

प्रश्न : झाडे दाट लावली तर वारा अडत नाही का? आमच्याकडे हवा दमट असते आणि वाऱ्याशिवाय जीव नकोसा होतो.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. दमट हवेत घाम वाळण्यासाठी वारा लागतो, आणि झाडांच्या वाफेने होणारा लाभही तेथे कमी असतो. म्हणून अशा प्रदेशांत सावली आणि वारा यांना पहिले स्थान द्यावे. झाडांची खोडे उंच आणि मोकळी ठेवावीत, म्हणजे माणसाच्या उंचीवर वारा खेळतो आणि छाया वर राहते. वाऱ्याच्या दिशेला आडवी, उंच झुडपांची कुंपणे घालू नयेत. अरुंद आणि जड वाहतुकीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या मिळून छत पूर्ण बंद झाले तर धूरही खालीच कोंडतो, तेव्हा तेथे मधूनमधून खंड ठेवावा.

मोठ्या प्रमाणावर हा विचार जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराने केला आहे. ते शहर टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात वसलेले असून तेथे वारा मंद असतो. रात्री टेकड्यांवर थंड झालेली हवा उतारांवरून शहरात वाहत येते, हे ओळखून तेथील नियोजनकारांनी या हवेच्या वाटा नकाशांवर नोंदवल्या, आणि त्या वाटांवर बांधकामाला मर्यादा घातल्या. उतार, ओढे आणि खुल्या जागा सलग राखणे हे झाडे लावण्याइतकेच मोठे काम आहे.

सावली कोठे हवी हेही रस्त्याच्या दिशेवरून ठरते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी आणि संध्याकाळी इमारतींचीच सावली पडते. पूर्व-पश्चिम रस्त्याला दिवसाचा बराच काळ ऊन लागते, म्हणून झाडे मोजकीच असतील तर ती आधी अशा रुंद रस्त्यांवर द्यावीत.

प्रश्न : आमच्या शाळेचे मैदान पूर्णपणे काँक्रिटचे आहे. झाडे मोठी व्हायला वर्षे लागतील. आज शिकणाऱ्या मुलांसाठी काय करता येईल?

उत्तर : पॅरिस शहराने शाळांची डांबरी अंगणे बदलण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे, आणि त्याचा क्रम अनुकरणीय वाटतो: सर्वप्रथम डांबर काढणे, मग माती, झाडे, पाणी मुरणाऱ्या जागा आणि बसण्याची ठिकाणे. आपणही सगळे मैदान एकदम न खोदता भिंतीलगतचा एक पट्टा उखडून सुरुवात करावी. दुपारी मुले जेथे बसतात त्याच्या पश्चिमेला झाडे लावावीत. तोवर तात्पुरती सावली म्हणून ताणलेले कापड उपयोगी पडते. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळ्यात गल्ल्यांवर असे कापडी आडोसे बांधण्याची जुनी रीत आहे. कापड फिक्या रंगाचे असावे, उंच बांधावे आणि त्याखाली हवा वाहू द्यावी. मांडवावर चढवलेला जलद वाढणारा वेल दोनतीन वर्षांत जागा झाकतो, म्हणून झाडांबरोबरच तोही लावावा.

प्रश्न : नगरपालिकेकडे निधी थोडा असेल तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : जेथे माणसांना उन्हात थांबावे आणि चालावे लागते, आणि जेथे घरांत उष्णतेपासून बचावाची साधने नाहीत, तेथून. अमेरिकेतल्या १०८ शहरांच्या २०२० मधल्या एका अभ्यासात, १९३० च्या दशकात वांशिक भेदभावातून ज्या वस्त्यांना कर्ज देणे धोक्याचे ठरवले गेले होते, त्या आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने अधिक तापतात असे आढळले. झाडे आणि उद्याने कोठे नाहीत, याला असा इतिहास असतो. म्हणून उष्णतेचा नकाशा आणि वस्तीचा नकाशा शेजारी ठेवूनच निधी वाटावा.

लागवड विखरून न करता एका भागात भरीव करावी. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एखाद्या गल्लीएवढ्या परिसरात वृक्षछत्र, म्हणजे झाडांच्या पर्णसंभाराने झाकलेल्या जमिनीचे प्रमाण, ४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर दिवसाचा थंडावा लक्षणीय वाढतो. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने २०१६ पासून रस्ते आणि ओढे यांच्या काठाने तीस हरित मार्ग उभे केले, आणि त्या भागांत तापमान सुमारे दोन अंशांनी उतरल्याचे सांगितले जाते. युरोपातल्या ९३ शहरांविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असा अंदाज काढला गेला की, वृक्षछत्र ३० टक्क्यांपर्यंत वाढवले असते तर २०१५ च्या उन्हाळ्यात शहरी उष्णतेमुळे झालेल्या ६,७०० मृत्यूंपैकी २,६४४ टळले असते. आणि हे सरासरी तापमान केवळ ०.४ अंशाने उतरवून. वरच्या पहिल्या प्रश्नातला एक अंश किती मोलाचा आहे, हे यावरून दिसते.

प्रश्न : रस्ता रुंद करताना एक जुने झाड तोडून त्याच्या बदल्यात दहा रोपे लावण्याचे आश्वासन मिळते. हा सौदा योग्य मानावा का?

उत्तर : नाही. बारा मीटर व्यासाचा घेर असलेले जुने झाड सुमारे ११३ चौरस मीटर जमीन झाकते. एक मीटर व्यासाचा घेर असलेले रोप एक चौरस मीटरही झाकत नाही, म्हणजे दहा रोपे मिळून आठ चौरस मीटर. तेवढीच सावली आज परत हवी असेल तर एकशे चाळीसहून अधिक रोपे लागतील, आणि त्या रोपांखाली माणूस उभाही राहू शकणार नाही. रोपे अवश्य लावावीत, पण ती पुढच्या पिढीसाठी. जुन्या झाडाची भरपाई म्हणून ती मोजू नयेत. भरपाई मोजायचीच असेल तर ती झाडांच्या संख्येत न मोजता छायेच्या चौरस मीटरांत मोजण्याची अट घालावी.

झाड वाचवायचे ठरले तर ते कागदावर राखून भागत नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे संरक्षित क्षेत्र मानण्याची पद्धत आहे; अर्धा मीटर जाडीच्या खोडासाठी ते सहा मीटर त्रिज्येचे होते. काम सुरू होण्याआधी या वर्तुळाभोवती पक्के कुंपण घालावे, आत यंत्रे, खडी किंवा सिमेंटची पोती ठेवू देऊ नयेत, मातीची पातळी वाढवू नये आणि नळ-केबलसाठी चर खणू नये. ही अट निविदेतच लिहून घ्यावी, कारण यंत्र एकदा जागेवर आल्यानंतर मुळांची बाजू मांडायला सहसा कोणी उपस्थित नसते.